जुन्या गाडीचा प्रयोग

न्यू यॉर्कला मुलाकडे राहून आलेल्या माझ्या एका स्नेह्यांनीं गेल्या महिन्यांत मोठ्या उत्साहानें एक हकीकत सांगितली. डिसेंबरांतील एका रविवारीं तेथील भुयारी रेल्वेच्या स्थानकावर ते उभे असतां समोरून जी गाडी आली ती सुमारें नव्वद वर्षांपूर्वींची होती. वेताच्या बैठका, छताला टांगलेले पंखे, पिवळसर प्रकाशाचे उघडे दिवे, भिंतींवर त्या काळच्या जाहिराती. आणि आंत बसलेले कांहीं उतारू तर आजोबांच्या वेळचे पोषाख करून आलेले. तिकीट नेहमींचेंच. गाडीचा खडखडाट एवढा कीं शेजाऱ्याशीं बोलतां येईना; परंतु बोलण्याची घाई कोणालाच नव्हती, सगळे ऐकत होते. हें सर्व सांगून झाल्यावर त्यांनीं मला विचारलें, "प्रोफेसर, आपल्याकडे असें कां हो नाहीं?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहतां स्वतःच सांगून टाकलें, "आपल्याला जुन्याची कदर नाहीं, दुसरें काय!"

हें उत्तर आमच्या कोथरुडांत फार सोयीचें आहे. वाडे पडले, नाट्यसंगीत मागें पडलें, मुठेचें पाणी काळें झालें, कशाचेंही कारण विचारा, हेंच उत्तर मिळतें. आणि जें उत्तर प्रत्येक प्रश्नाला बसतें तें बहुधा एकाही प्रश्नाचें नसतें. त्या सायंकाळीं फिरतां फिरतां मीं जें सांगितलें तें अपुरें झालें, म्हणून हा लेख. मी साहित्याचा अध्यापक आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे. यंत्रांविषयीं मला जें थोडेंबहुत कळतें तें घरांतून आलेलें आहे, तें कसें हें पुढें येईलच. परंतु जुनी गाडी जपावी कशी आणि कां, हा प्रश्न मला मूलतः टीकाशास्त्राचा वाटतो, आणि त्या बाजूनें त्याकडे कोणी पाहिल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

जुनी गाडी चालवून दाखविणें हा एक प्रयोग होय, नाटकाचा असतो त्याच अर्थानें. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'सौभद्र' १८८२ सालचें. त्याची छापील संहिता आजही कोणाही ग्रंथपालाकडे मागितली असतां मिळते. पण ज्यानें ती केवळ वाचली आहे त्यानें 'सौभद्र' पाहिलें असें आपण म्हणत नाहीं. नट उभा राहिला, पेटीवर सूर धरला गेला, समोर चारशें माणसें बसलीं, म्हणजे तें नाटक त्या रात्रीपुरतें अस्तित्वांत येतें. वस्तुसंग्रहालयांत दोरखंडापलीकडे उभा असलेला आगगाडीचा डबा ही अशीच एक संहिता आहे. त्याची लांबी-रुंदी मोजतां येते, रंग पाहतां येतो, पाटीवरील कारखान्याचें नांव वाचतां येतें. पण डबा ही वस्तु नव्हे, ती एक क्रिया आहे. तो हलतो, कुरकुरतो, वळणावर कलतो, थांबतांना उताऱ्यांना पुढें ढकलतो. एवढें सगळें वजा करून जें उरतें त्याला डबा म्हणणें म्हणजे पिंजऱ्यांत पेंढा भरून ठेवलेल्या वाघाला वाघ म्हणण्यासारखें आहे.

येथपर्यंत नाटकाची उपमा चालते. पुढें ती मोडते, आणि जेथें मोडते तेथेंच खरी अडचण आहे. 'सौभद्रा'चे हजार प्रयोग झाले तरी पुस्तकांतील एक अक्षर झिजत नाहीं. गाडीचें तसें नाहीं. तिचा प्रत्येक प्रयोग तिची संहिताच खातो. चाकांच्या लोखंडी धांवा झिजतात, बेअरिंगें सैल होतात, मोटारींतील कार्बनचे ब्रश आखूड होत जातात, तारांवरचें जुनें कापडी वेष्टण उन्हापावसानें तडकतें. मग एक भाग बदलावा लागतो, मग दुसरा. पन्नास वर्षें अशी हौसेनें चालविलेली गाडी पन्नास वर्षांनीं कितपत जुनी राहिली, याचें प्रामाणिक उत्तर तिला चालविणारालाही देतां यायचें नाहीं. न चालवावी तर ती मरते, चालवावी तर ती हळूहळू दुसरीच होते.

इंग्रजी वाचकांना येथें रस्किन आठवेल. जुनी इमारत पूर्ववत् करण्याचा उद्योग हा तिच्या नाशाचाच एक प्रकार होय, असें त्यानें १८४९ सालीं मोठ्या आवेशानें मांडलें. आमच्या विद्यार्थिदशेंत त्याचें गद्य आम्हांस इतकें भारून टाकी कीं त्यांतील विचार तपासून पाहण्याचें भान राहत नसे. आपल्याकडे मात्र जीर्णोद्धार हें पुण्यकर्म मानलें गेलें. देवळाचे दगड बदलले, शिखर नवें झालें, तरी पूजा अखंड चालली म्हणजे देऊळ तेंच. दोहोंपैकीं गाडीला कोणता न्याय लावावा? माझा कल जीर्णोद्धाराकडे आहे. पण एका अटीवर. देवळांत पूजा खंडित न होणें महत्त्वाचें, तसें गाडीच्या बाबतींत तिची देखभाल करणाऱ्या हातांची परंपरा खंडित न होणें महत्त्वाचें. काय बदललें, कां बदललें, आणि जुना भाग कसा वागत होता, हें सांगणारा माणूस शेडमध्यें असला पाहिजे. तो असेल तोंवर गाडी तीच. तो गेला कीं मूळचे सगळे भाग शाबूत असूनही ती परकी.

आतां स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळतों. आपल्याकडे जुनें कांहीं चालविलेंच जात नाहीं, हें खरें नव्हे. लीड्स येथें १८५५ सालीं बांधलेलें 'फेअरी क्वीन' हें वाफेचें एंजिन अनेक दशकें निश्चल उभें राहिल्यानंतर १९९७ सालीं पुन्हा पेटविलें गेलें, आणि दिल्लीहून अलवारकडे प्रवाशांना घेऊन जाऊं लागलें. नियमितपणें चालणारें जगांतील सर्वांत जुनें एंजिन म्हणून १९९८ सालीं गिनेसच्या पुस्तकांत त्याची नोंद झाली. हरियाणांतील रेवाडीच्या शेडमध्येंही जुनीं वाफेचीं एंजिनें जिवंत ठेवलेलीं आहेत. म्हणजे कदर नाहीं असें नाहीं. मग भुयारी किंवा उपनगरी विजेच्या गाड्यांच्या वाट्याला हें भाग्य कां आलें नाहीं?

याचें कारण कदरींत नाहीं, विजेंत आहे. वाफेचें एंजिन स्वतःचा अग्नि स्वतःबरोबर घेऊन हिंडतें. कोळसा द्या, पाणी द्या, योग्य रुंदीचे रूळ द्या, तें कोठेंही चालेल. काव्यांत ज्याला मुक्तक म्हणतात तसें तें आहे. मागचापुढचा संदर्भ नसला तरी त्याचा अर्थ लागतो. विजेची गाडी ही याच्या उलट नाटकांतील एका प्रवेशासारखी आहे. तिचें अर्धें अंग गाडींत आणि अर्धें तारेंत, उपकेंद्रांत, वीजघरांत. तार बदलली कीं ती मुकी. न्यू यॉर्कमध्यें १९३० च्या दशकांतील डबे आज धांवूं शकतात याचें मोठें श्रेय तेथील हौशी लोकांना आहेच. पण त्याहून मोठें श्रेय तिसऱ्या रुळाला आहे, कारण त्यांत पूर्वीं खेळत होता तसाच सुमारें सहाशें व्होल्टचा एकदिक् प्रवाह आजही खेळतो. लंडनच्या भुयारी रेल्वेचें तसेंच. १९३८ सालच्या बांधणीची एक चार डब्यांची गाडी तेथील वाहतूक संग्रहालय अधूनमधून सहलीला काढतें. जानेवारी २०१३ मध्यें तर भुयारी रेल्वेच्या दीडशेव्या वाढदिवसासाठीं १८९८ सालचें वाफेचें एंजिनच त्या बोगद्यांतून नेलें. पण तो मुक्तकाचा प्रकार झाला.

मुंबईचें काय? ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदरहून कुर्ल्याला हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी गेली. तार होती १५०० व्होल्ट एकदिक् प्रवाहाची. १९२९ च्या नोव्हेंबरांत तीच वीज घाट चढून पुण्याला पोहोंचली. जवळजवळ नव्वद वर्षें मुंबईचा सारा संसार या तारेवर चालला. मग हळूहळू ती २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहासाठीं बदलण्यांत आली, आणि एप्रिल २०१६ मध्यें हार्बर मार्गावरची शेवटची जुन्या प्रवाहाची गाडी धांवून तो अध्याय संपला. बदल आवश्यक होता, त्याविषयीं तक्रार नाहीं. मोठ्या व्होल्टेजमुळें विजेची गळती कमी होते, उपकेंद्रें कमी लागतात, लांब आणि जड गाड्या चालवितां येतात. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं १९२५ पासून बांधल्या गेलेल्या सगळ्या जुन्या उपनगरी डब्यांची भाषाच नाहींशी झाली. त्यांतील एखादा डबा आज कितीही निगुतीनें घासूनपुसून उभा केला तरी त्याला चालविणारी वीज शहराच्या माथ्यावर कोठेंच नाहीं. दुसऱ्या एंजिनानें तो ओढून नेतां येईल, किंवा पोटांतील सारी यंत्रणा काढून नवी बसवितां येईल. पहिल्या प्रकारांत नट बाहुली होतो, दुसऱ्या प्रकारांत त्याच्या अंगरख्यांत दुसराच कोणी उभा असतो.

येथें थोडें घरचें सांगणें भाग आहे. माझे वडील कल्याणच्या विजेच्या एंजिनांच्या शेडमध्यें फिटर होते. 'खेकडा' या नांवानें ओळखलीं जाणारीं तीं लांब नाकाडांचीं मालगाडीचीं एंजिनें त्यांच्या हाताखालून गेलीं. मूळ आराखडा स्वित्झर्लंडांतील विंटरथूरच्या कारखान्याचा. पहिलीं कांहीं तेथें बांधलेलीं, बाकीचीं विलायतेंत. वजन सुमारें सव्वाशें टन. मोटारींची शक्ति आडव्या आंसावरून लोखंडी दांड्यांच्या द्वारें चाकांना पोहोंचे. त्यामुळें एंजिन चालूं लागलें कीं दांड्या खेकड्याच्या नांग्यांसारख्या हलत. उभें असतांना तें विव्हळल्यासारखा एक आवाज करी. घाटांतील सदतिसास एक अशा उतारावरून खालीं येतांना त्याच्या मोटारी वीज घेण्याऐवजीं निर्माण करीत आणि तारेंत परत पाठवीत; उतरणाऱ्या गाडीनें चढणाऱ्या गाडीला हात द्यावा असा तो प्रकार. अण्णा हें सांगत तेव्हां त्यांच्या आवाजांत, एरवीं कधीं न येणारा, एक अभिमान येई.

त्यांचें मुख्य काम बेअरिंगांचें. पांढऱ्या धातूचें नवें बेअरिंग ओतून झालें म्हणजे तें आंसावर नीट बसेपर्यंत हातानें खरवडावें लागे. आंसाला पातळ निळा रंग फांसावयाचा, बेअरिंग त्यावर ठेवून किंचित् फिरवावयाचें, आणि उचलून पाहावयाचें. जेथें निळें उमटलें तेथें धातु उंच. तेवढाच भाग स्क्रेपरनें खरवडावयाचा. पुन्हा रंग, पुन्हा फिरविणें, पुन्हा खरवडणें. सबंध पृष्ठभागावर निळे ठिपके सारखे उमटूं लागले म्हणजे काम झालें. किती खरवडावें याचें कोष्टक नव्हतें; तें मनगटाला कळे. पावसाळ्यांत मोटारींच्या गुंडाळ्या दमट होत, त्या भट्टींत वाळवाव्या लागत. कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक, पट्ट्यांच्या किंचित् खालीं राहील असें, बारीक करवतीनें काढावें लागे. हें सर्व मीं लहानपणीं इतक्या वेळां ऐकलें कीं पुढें कॉलेजांत काव्यसमीक्षा शिकवितांना 'निळें कोठें उमटतें तें पाहा' असें विद्यार्थ्यांना सांगण्याची मला संवय जडली. त्यांना त्याचा अर्थ कळत असेल असें वाटत नाहीं.

अण्णा १९९६ सालीं निवृत्त झाले. कांहीं वर्षांनीं मीं त्यांना दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत नेलें. तेथें एक खेकडा उभा आहे, उघड्यावर, रंगविलेला. मला वाटलें होतें, ते गहिंवरतील. ते त्याच्याभोंवतीं एकदां फिरले, दांडीवर हात ठेवला, वांकून खालीं पाहिलें, आणि म्हणाले, "तेल नाहीं रे कोठें." एवढेंच. मग आम्हीं चहा घेतला. रंगविलेल्या त्या एंजिनांत दोष कांहींच नव्हता. संग्रहालयानें तें भंगारांत जाऊं दिलें नाहीं याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. पण तेलाचा वास नाहीं, म्हणजे तें हललेलें नाहीं, म्हणजे त्याच्याकडे रोज कोणी वांकून पाहत नाहीं, एवढी साखळी अण्णांनीं चार शब्दांत सांगितली होती.

याच्या उलट अनुभव घराजवळच आला. कर्वे रस्त्यापासून थोड्या अंतरावर जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी या हौशी गृहस्थांनीं अनेक वर्षें खपून उभारलेली ही छोटी नगरी १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांसाठीं खुली झाली. कोथरुडांतील शाळकरी मुलांपैकीं तेथें न गेलेलीं फार थोडीं असतील. सत्त्याऐंशीस एक या प्रमाणांतील गाड्या, सिग्नल, पूल, वर टांगलेली एकरुळी गाडी, डोंगरावर चढणारी दोरीची गाडी, सर्कस, पोहण्याचा तलाव, मोटारींत बसून पाहावयाचें चित्रपटगृह. दिवे मंद होतात, नगरीवर रात्र पडते, आणि खिडक्यांतून प्रकाश असलेल्या गाड्या अंधारांतून जाऊं लागतात. त्या क्षणीं प्रौढ माणसेंही गप्प होतात, हें मीं एकापेक्षां अधिक वेळां पाहिलें आहे.

कलाकृति म्हणून या संग्रहालयाचें मूल्य काय? मी त्याला भाषांतर म्हणेन, आणि उत्तम भाषांतराचे गुण व उणीवा दोन्ही त्यांत आहेत. लांबी सत्त्याऐंशी पट घटते तेव्हां घनफळ आणि वजन साडेसहा लाखांहून अधिक पटींनीं घटतें. सव्वाशें टनांचा खेकडा त्याच धातूंत या मापानें घडविला तर तो १९० ग्रॅमांचा होईल, म्हणजे शाळकरी मुलाच्या डब्यापेक्षांही हलका. वजन गेलें, उष्णता गेली, वास गेला. जें भाषांतरांत टिकलें तें म्हणजे गति, क्रम आणि वेळ: कोणती गाडी आधीं जाणार, कोणती थांबणार, सांधा केव्हां फिरणार. आणि माझ्या मतें रेल्वेचा आत्मा वजनाइतकाच या वेळापत्रकांतही आहे.

उणीव दाखवावयाची तर ती अशी. या प्रमाणांतील रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात. तें जगांतील प्रमाणित मार्गाचें, म्हणजे १४३५ मिलिमीटरांचें, लघुरूप. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. तो त्याच मापानें घडविला तर एकोणीस मिलिमीटरांहून अधिक भरेल. म्हणजे ज्या रुळांवरून आपण मुंबईस गेलों-आलों ते रूळ या भाषेंत लिहितांच येत नाहींत. मोटारींत बसून चित्रपट पाहणारी ती नगरी सुंदर आहे. पण ती पुण्याची नव्हे, खंडाळ्याची तर नव्हेच नव्हे. ही तक्रार भाऊसाहेबांविरुद्ध नाहीं. त्यांनीं आपल्या हौशीची नगरी बांधली, आणि ती पदरमोड करून लोकांना दाखविली. तक्रार असलीच तर ती आमच्याविरुद्ध आहे, कीं इतक्या वर्षांत भोर घाट त्याच्या खऱ्या मापांत बांधणारा दुसरा कोणी या गांवांत निघाला नाहीं.

अण्णांना मीं तेथें नेलें तेव्हां ते सत्तरी ओलांडलेले होते. मुलें गाड्यांकडे पाहत होतीं. अण्णा मात्र एका सांध्यापाशीं वांकून उभे. खेळ संपल्यावर ते तेथील माणसाशीं बोलूं लागले: चाकांवर धूळ बसते ती कशानें पुसतां, रुळांवर मळी धरते का, ब्रश किती दिवस जातात. अर्धा तास गेला. दिल्लीस सव्वाशें टनांच्या खऱ्या एंजिनापाशीं जे बोलले नाहींत ते येथें मूठभर गाडीपाशीं बोलत राहिले, कारण येथें कोणीतरी रोज वांकून पाहत होतें.

डेक्कन क्वीनचा उल्लेख केल्यावांचून पुणेकरानें रेल्वेविषयीं लिहिणें शक्य नाहीं. १ जून १९३० रोजीं ही गाडी सुरू झाली. सात डब्यांच्या दोन गाड्या, एक रुपेरी रंगावर तांबड्या पट्ट्यांची, दुसरी निळ्यावर सोनेरी रेघांची. डब्यांचे सांगाडे विलायती, वरचीं अंगें माटुंग्याच्या कारखान्यांत बांधलेलीं. पहिल्यानें तींत पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाला प्रवेश मिळावयास १९५५ साल उजाडावें लागलें. १९६६ सालीं जुने डबे जाऊन पेरांबूरचे आले, १९९५ सालीं तेही बदलले, आणि जून २०२२ मध्यें नव्या जर्मन पद्धतीचे डबे आले. दर १ जूनला पुणें स्थानकावर तिचा वाढदिवस होतो. पास काढून आयुष्यभर तिनें गेलेलीं माणसें केक कापतात, एंजिनाला हार घालतात. या समारंभाची थट्टा करणें सोपें आहे, कारण त्या गाडींत १९३० चा एक खिळाही उरलेला नाहीं. परंतु मघां सांगितलेला जीर्णोद्धाराचा न्याय येथेंच लागतो: वेळ तीच, मार्ग तोच, नांव तेंच, खानपानाचा डबा आजही गाडीला आहे. पूजा खंडित झालेली नाहीं. माझा आक्षेप निराळा आहे. वाढदिवस प्रवाशांच्या आठवणींचा होतो. त्या आठवणी ज्यांच्या हातांमुळें घडल्या त्या डबे तपासणाऱ्यांच्या, ब्रेक जोडणाऱ्यांच्या, रात्रीं धुणाऱ्यांच्या आठवणी कोणी विचारीत नाहीं. आम्हां मध्यमवर्गीयांचें गाडीवरील प्रेम खिडकीजवळच्या जागेवरून केलेलें असतें, हें मान्य केलेलें बरें.

आणखी एक गोष्ट जातां जातां. जुन्या गाड्या सर्वांत चांगल्या टिकतात त्या हौशीनें नव्हे, नाइलाजानें. लंडनच्या भुयारांतील १९३८ सालचे डबे आइल ऑफ वाइट या बेटावर रोजच्या उताऱ्यांना घेऊन ३ जानेवारी २०२१ पर्यंत धांवत होते, कारण तेथील बोगदा ठेंगणा, दुसरी गाडी त्यांत मावेना. आपल्या विदर्भांत मूर्तिजापूर-यवतमाळच्या अरुंद मार्गावरील 'शकुंतला' १९२१ सालीं मँचेस्टरला बांधलेल्या वाफेच्या एंजिनानें १९९४ पर्यंत ओढली, कारण तो मार्ग कोणाच्या खिजगणतींत नव्हता. दारिद्र्यानें जें जपलें तें समृद्धि आली कीं प्रथम फेंकलें जातें; हौस त्यानंतर कधींतरी जागी होते, आणि बहुतेक वेळां भंगारवाल्याच्या मागून पोहोंचते.

म्हणून स्नेह्यांच्या प्रश्नाला माझें उत्तर असें आहे. मुंबईच्या जुन्या विजेच्या गाडीचा खरा प्रयोग आतां होणें नाहीं. ती वेळ २०१६ च्या आधींची होती. एखादा आखूड फांटा जुन्या प्रवाहावर राखून ठेवला असता तर तो झाला असता. असा फांटा राखणें म्हणजे एक जुनें नाट्यगृह राखण्यासारखें होतें, आणि त्यासाठीं कोणी आवाज उठविल्याचें मला आठवत नाहीं. मींही उठविला नाहीं. कलकत्त्याला मात्र अजून संधि आहे. २४ ऑक्टोबर १९८४ रोजीं तेथें देशांतील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, आणि त्या पिढीच्या साध्या, वातानुकूलन नसलेल्या गाड्यांना बरोबर सदतीस वर्षांनीं, २४ ऑक्टोबर २०२१ रोजीं, निरोप देण्यांत आला. पण तेथील तिसऱ्या रुळांत ७५० व्होल्टचा प्रवाह पूर्वींसारखाच आहे. न्यू यॉर्कला जें करतां येतें तें करण्यास तेथें विजेची तरी आडकाठी नाहीं. त्या गाड्यांचीं बेअरिंगें, मोटारी, ब्रेक हाताळलेले कारागीर अजून हयात आहेत. त्यांना विचारावयाचें असेल तर या दहा वर्षांत विचारलें पाहिजे.

आणि आमचें कोथरूड? ६ मार्च २०२२ रोजीं वनाझहून गरवारे महाविद्यालयापर्यंत मेट्रो धांवूं लागली. जेथें पूर्वीं शहराचा कचरा टाकीत त्या जागीं तिच्या डब्यांची शेड उभी आहे. माझ्या गच्चीवरून सायंकाळीं त्या गाड्या जातांना दिसतात. त्यांना जुनें म्हणावयास अजून पन्नास वर्षें आहेत, आणि तोंवर मी नसेन. परंतु त्यांतील एक गाडी, एक जुनें सुटे-भागांचें कोठार, आणि शेडमध्यें आज रात्रपाळीला काम करणाऱ्या तरुण मुलांच्या वह्या, एवढें जरी कोणीं आजपासून बाजूला ठेवलें तरी पुढच्या टीकाकाराला माझ्यासारखा केवळ शोक करावा लागणार नाहीं. अशा वह्या ते ठेवतात कीं नाहीं, हें विचारावयास मी एकदां जाणार आहें.

अण्णा २०१३ सालीं गेले. हार्बर मार्गाची तार बदललेली त्यांनीं पाहिली नाहीं. त्यांचा स्क्रेपर माझ्या टेबलाच्या खणांत असतो, लांकडी मूठ हाताच्या घामानें काळी झालेली. परवां स्नेह्यांनीं तो उचलून विचारलें, हें कशाचें हत्यार? मीं त्यांना तो कसा धरतात तें दाखविलें. खरवडून मात्र दाखवितां आलें नाहीं.